माझा घेवडा, तिचं घायपात

११ जानेवारी १९८७, रविवार

फोर्तिनो सकाळच्या बसने राजधानीला गेला. दोन महिन्यांसाठी. कुठल्याशा मोठ्या इमारतीच्या भिंती बांधायच्या आहेत. जाताना माणूस बायकोला काय सांगतो? जप स्वतःला, दार नीट लाव, फोन करतो. आमच्याकडे काय? बस वळणावर दिसायला लागली तेव्हा माझा हात धरून म्हणतो, "निका, चौथ्या घायपाताकडे लक्ष ठेव. रोज बघ. गाभा बारीक झाला की लगेच तो काढायला म्हाताऱ्या डॉन सिरियाकोला बोलाव. एक दिवसही उशीर नको."

मी म्हटलं, "बरं." हात घायपातासाठी धरला होता, हे बस गेल्यावर लक्षात आलं.

बांधावर ओळीने अकरा घायपातं आहेत. दहा नंतरची. चौथं तेवढं जुनं, माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं. सगळी देल्फिनाच्या हातची. देल्फिना म्हणजे फोर्तिनोची पहिली बायको. तिला जाऊन सात वर्षं झाली, मला येऊन चार. मेलेल्या बाईवर जळू नये म्हणतात. ती जिवंत असती तर जळले नसते, एकदा कडाडून भांडले असते आणि मोकळी झाले असते. आता भांडू कोणाशी? काट्यांशी?

शाळेतल्या प्रौढ वर्गाच्या बाईंनी सांगितलंय, निकानोरा, रोज काहीतरी लिहीत जा, नाहीतर शिकलेलं विसराल. तर हे लिहितेय. अक्षरं मला वर्गापेक्षा आंपारोनेच जास्त शिकवली. आंपारो म्हणजे देल्फिनाची मुलगी. शिकवताना एकदाही हसली नाही, एकदाही रागावली नाही. पोस्टातला माणूस बोलतो तशी बोलते माझ्याशी. "डोन्या निका, ही रेघ इथे संपवा." चार वर्षं झाली, परक्या बाईला मानाने म्हणतात तसं, डोन्या निका.

वही बियाण्याच्या मडक्यात ठेवणार, घेवड्याच्या दाण्यांखाली. त्यात माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

१४ जानेवारी

कडाक्याची थंडी. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे माझा घेवडा, उजवीकडे तिचं घायपात. म्हटलं एकदा न्याय होऊनच जाऊ दे.

घेवडा चार महिन्यांत ताटात येतो. कोवळ्या शेंगा, मग ओले दाणे, मग वर्षभर वाळलेले. फुलं लाल, अशी की परसात सण आहेसं वाटतं. माझ्या आईचं बियाणं आहे हे, धुक्याच्या डोंगरातलं, दाणा अंगठ्याच्या नखाएवढा, जांभळा. लग्नात मी दागिने आणले नाहीत, हेच आणलं. दर वर्षी नवा जन्म घेतो.

घायपात पंधरा वर्षं नुसतं बसून राहतं. काही देत नाही, काही मागत नाही. हेच तर मला बघवत नाही. माझ्या घेवड्याला मी तळ्यावरून डबे वाहते, दिवसाला आठ. याला पाणी नको, खत नको, कौतुक मात्र सगळं यालाच. फोर्तिनो कामावरून आला की आधी बांधावर जाऊन येतो, मग घरात.

आता खरं लिहायचं तर उजवीकडची बाजू भरत गेली. पातीत मांस गुंडाळून खड्ड्यात भाजतात. धाग्याचे दोर, पोती. काट्याची सुई. वाळलेली पात चुलीत. बांधाची माती धरून ठेवतं ते वेगळंच, हे नसतं तर माझा घेवडा पहिल्याच पावसात ओढ्यात गेला असता. आणि मधपाणी. गाभा वेळेवर काढला, तीन महिने झाड तसंच ठेवलं, की पोटातल्या खळग्यात सकाळ-संध्याकाळ गोड पाणी भरतं, किती महिने. ते आंबवलं की पुल्के होतं, आमची दारू. अर्धं गाव त्यावर जगलंय. पण वेळ चुकली तर गाभ्यातून दांडा वर येतो, सगळी गोडी त्यात जाते, वर फुलं येतात आणि झाड मरतं. पंधरा वर्षं थांबायचं आणि एक आठवडा चुकायचा नाही. असला नखरा घेवड्याचा नाही बाई.

उजवीकडचं शेवटचं खोडून टाकलं.

२५ जानेवारी, रविवार

तेक्लाच्या दुकानात गावातला एकुलता एक फोन. फोन आला की ती दारात उभी राहून बोंबलते, आणि मग तिथेच साखर मोजत उभी राहते, एक दाणा न सांडता, कान इकडे.

"अगं निका, नवऱ्याचा फोन! पळ पळ, मिनिटं जातायत!"

मी हात पुसत धावले. फोर्तिनो म्हणाला, "कसं आहे?"

कशी आहेस नाही. कसं आहे.

"जाड आहे गाभा," मी म्हटलं.

"बरं. आंपारो?"

"शाळेत जाते. जेवते. माझ्याशी बोलत नाही."

"तशीच आहे ती." मग म्हणाला, "तू दिलेली घेवड्याची पिशवी संपली. सगळे गवंडी माझ्याच डब्याभोवती. म्हणतात, फोर्तिनो, ही बाई कुठून आणलीस? मी सांगत नाही. शेवटची मूठ लपवून ठेवलीय, उशाशी." आणि फोन कट.

म्हणजे कौतुक करायला गवंडी. नवरा घायपाताचं विचारणार.

तेक्ला म्हणाली, "माणूस शब्दाचा गरीब आहे गं. देल्फिनाशी मात्र बोलायचा हो पुष्कळ." हिच्या जिभेला काही हाड?

२ फेब्रुवारी, सोमवार

आज बियाण्याला देवळात आशीर्वाद. सगळ्या गावाने टोपल्या आणल्या, मका, घेवडा, भोपळ्याच्या बिया. मी माझा घेवडा भरतकामाच्या फडक्यावर मांडला. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं तेव्हा दाणे असे चकाकले! दोघी-तिघींनी माना वळवून पाहिलं. बरं वाटलं.

आणि आंपारोने काय आणलं? चौथ्या घायपाताचा एक काटा. टोपलीत माझ्या दाण्यांवर ठेवून दिला, तळाशी नाही, वर. मी म्हटलं, "अगं, बियाण्याचा सण आहे. काट्याचं काय पेरणार?"

"पेरायचं नाही. फक्त पाणी पडू दे," म्हणाली.

परत येताना तिने अंड्यांची टरफलं घेतली आणि चौथ्याच्या पातींच्या टोकांना खोचून ठेवली. नजर लागू नये म्हणून लावतात आमच्याकडे. जळक्या नजरेच्या बाईने घायपाताकडे किंवा पुल्केच्या घड्याकडे बघितलं तर नासतं, असं म्हणतात.

"इथे कोणाची नजर लागणार आहे?" मी विचारलं.

"असते कोणाची तरी," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

त्या झाडाच्या एका पातीवर पोरीने ओरखडे काढून ठेवलेत. एकाखाली एक, सारख्या अंतरावर. जुने रुंद होऊन पांढरे पडलेत, वरचे बारीक. मोजले, चौदा. पात खराब केली उगाच. घेवड्यावर असं काही केलं असतं तर कान पिळला असता.

१५ फेब्रुवारी, रविवार

गाभा बारीक झालाय.

सकाळी बघितलं. परवापर्यंत मधली गुंडाळी माझ्या मांडीएवढी होती. आज मनगट. कडेचे काटे आखूड झालेत, रंग पिवळसर. डॉन सिरियाकोने मागे दाखवलं होतं एकदा, तेव्हा म्हणाला होता, "कळेल तुला, लेकरू होणार असलेल्या बाईसारखं दिसतं तोंड." मला लेकरू झालं नाही. पण कळलं.

मी तिथे उभी राहिले आणि काय वाटलं ते लिहिते, वही माझीच आहे. मला आनंद झाला. मनात म्हटलं, हे फक्त मला माहीत आहे. फोर्तिनोला नाही, पोरीला नाही, त्या बाईला तर नाहीच.

मग डोळ्यांपुढे सगळं आलं. तीन महिन्यांनी फोर्तिनो लांब दुध्याची नळी घेऊन खळग्यातून मधपाणी ओढणार. पुल्के झालं की माणसं बोलावणार. पहिला घोट घेऊन डॉन सिरियाको डोळे मिटणार आणि म्हणणार, देल्फिनाचा हातच गोड होता. सगळे मान हलवणार. मी मक्याच्या तोर्तिया भाजत बसणार. रोज सकाळ, रोज संध्याकाळ, पाच-सहा महिने, तिचं गोड पाणी माझ्या घरात येणार.

दुपारी फोन आला. "बारीक झाला?"

तेक्ला साखर मोजत होती.

"नाही," मी म्हटलं. "अजून जाड आहे."

१७ फेब्रुवारी

कपडे धुताना आंपारो अचानक म्हणाली, "डोन्या निका, चौथ्याचा गाभा बारीक वाटतो का हो तुम्हाला?"

हातातला साबण निसटला. "तुला काय कळतं त्यातलं? मी रोज बघते. आहे तसाच आहे."

"बरं," म्हणाली. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. देल्फिनाचे डोळे आहेत म्हणतात. मी फोटोत पाहिलेत, तसेच आहेत.

वही मडक्यात उलटी सापडली. उंदीर झालेत. मांजर आणायला हवं.

१ मार्च, रविवार

आज सिरियाकोला बोलवायला निघाले होते. खरंच निघाले होते, शाल घेतली, पायात चपला घातल्या. म्हटलं, निका, पुरे झालं, अजून वेळ आहे, म्हातारा आला तर तासाभरात गाभा काढेल.

वाटेत तेक्ला. "कुठे गं?"

"सिरियाकोकडे. घायपाताचं विचारायला."

"अगंबाई, विचारावं लागतं होय तुला? देल्फिना नुसत्या वासावरून सांगायची. अर्ध्या गावातले लोक तिला नेऊन दाखवायचे. तुझं बाई घेवड्याचंच डोकं."

मी वळले आणि घरी आले. भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

फोनवर सलग तिसऱ्या रविवारी "जाड आहे" म्हटलं. आता सवय झाली. तो म्हणाला, "या वर्षी पिकायला हवं होतं." आवाज पडला होता. मला एक क्षण सांगावंसं वाटलं. मग म्हणाला, "यंदा तरी," आणि मला परत राग आला. घायपातासाठी आवाज पडतो. माझा घेवडा गेल्या वर्षी थंडीने करपला तेव्हा काय म्हणाला होता? "परत लाव." आता हेही लिहिलं पाहिजे, की परत लावताना आळी त्यानेच खणली होती, दोन रविवार.

८ मार्च, रविवार

दांडा आला.

सकाळी गाभ्यातून वर टोक, हाताएवढं, जांभळट हिरवं. मी धावत सिरियाकोकडे गेले. आता धावले. म्हातारा काठी टेकत आला, बघितलं, टोपी काढली.

"कापला तर?" मी विचारलं.

"कापून भाजून खा. ऊस चावल्यासारखं लागेल. मधपाणी नाही आता, पोरी. गेलं." मग माझ्याकडे वळून, "तुला दिसलं नाही?"

"मला घेवड्यातलं कळतं," मी म्हटलं. माझाच आवाज मला आवडला नाही.

आंपारो दारात होती. बांधावर गेली, टरफलं एकेक काढली आणि चुरगाळून टाकली.

फोन आला नाही, बरं झालं. आता मला आनंद व्हायला हवा. दोनदा उठून बांधावर जाऊन आले.

२२ मार्च, रविवार

फोर्तिनो आला. दांडा आता घराच्या छपराला लागलाय, बस वळणावर आली तिथूनच त्याला दिसला असणार. पिशवी खाली ठेवली. बांधाकडे गेला. मी मागून गेले. त्या चौदा ओरखड्यांवर बोट फिरवत उभा होता.

"तू रोज बघत होतीस ना?"

"बघत होते. मला समजलं नाही. एकाएकी झालं." तोंडातून असं सरळ आलं की मलाच भीती वाटली.

तेवढ्यात मागून आंपारो. "मीही बघत होते, बाबा. मलाही समजलं नाही. यंदा थंडी लांबली ना, रंगच बदलला नाही."

थंडी काही लांबली नव्हती. ही माझ्यासाठी का खोटं बोलली? मला काही कळेना.

फोर्तिनो मान हलवत आत आला. जेवताना म्हणाला, "तुला सांगायला हवं होतं मी. ते आंपारोच्या पंधराव्या वाढदिवसाचं होतं."

मी तवा धरून उभी. मुलीचं पंधरावं म्हणजे आमच्याकडे लग्नाएवढा सण.

"ही झाली तेव्हा देल्फिनाने चाळिसाव्या दिवशी लावलं. म्हणाली, मुलगी पंधराची होईल तेव्हा हे पिकेल, सगळ्या गावाने माझ्या झाडाचं प्यायचं. दर वाढदिवसाला एक रेघ. ती गेल्यावर पोर स्वतः काढते. पंधरावी सात जूनला. मला वाटलं तुला सांगितलं तर तुला लागेल. घरात सारखी तिचीच गोष्ट नको, म्हणून नाही बोललो."

म्हणजे मला लागू नये म्हणून गप्प बसला. आणि मी, तो गप्प आहे म्हणून जळत बसले.

पिशवीतून त्याने कागदाची पुडी काढून मला दिली. आत माझ्या घेवड्याचे दाणे, एक मूठ. "हे परत आणले. पेरणीला." उशाशी ठेवलेले तेच.

मी चुलीकडे तोंड करून रडले. धुराला दोष दिला.

२३ मार्च

काही लिहवत नाही.

१९ एप्रिल, ईस्टर

दांडा दोन पुरुष उंच. आता तो लपवता येत नाही, येणारा-जाणारा बघतो आणि म्हणतो, अरेरे. गावात दांडा आलेलं झाड म्हणजे घरच्या बाईचा आळशीपणा. तेक्लाने दुकानात दहा जणांसमोर म्हटलं, "देल्फिना असती तर." मी म्हटलं, "तेक्ला, ती नाही. मी आहे. आणि मीठ दे." दहाही जण साखरेच्या पोत्याकडे बघायला लागले. मीठ मात्र तिने बरोबर मोजून दिलं.

घेवडा पेरला. या वर्षी बांधाकडच्या ओळीतही पेरला. का, ते माहीत नाही. कदाचित त्या दांड्याला टेकू म्हणून वापरता येईल, म्हणून. जळणारी बाई हिशेबीही असते.

आंपारो पाण्याचे डबे वाहायला लागलीय. मी सांगितलं नव्हतं. चार तिचे, चार माझे. बोलत नाही, पण डबा खाली ठेवताना माझ्या डब्याला लावून ठेवते.

२४ मे, रविवार

फुलं उमलली. दांड्याच्या टोकाला पिवळ्या फुलांची ताटं, एकावर एक. दिवसभर मधमाश्या, आणि तो इवलासा पक्षी जो हवेत उभा राहून चोच घालतो. दहा वर्षांत गावात एवढं फुललेलं घायपात कोणी पाहिलं नसेल, वेळेवर सगळे कापतात ना. लोक बघायला येतात. माणसं पूर्वी अरेरे म्हणायची, आता अहाहा म्हणतात. तेवढ्यावरूनही मला जळायला झालं, हे कबूल. मरताना पण ही बाई मिरवून घेते.

फोर्तिनो पंधराव्यासाठी शेजारच्या गावाहून पुल्के आणणार आहे. विकत. त्याने ते सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

मग मी म्हटलं, "फुलं शिजवू."

"काय?"

"फुलं खातात की. मधले तंतू काढून, उकळून, कांदा-मिरचीवर परतून. माझ्या घेवड्याबरोबर. मोठं पातेलं करते, सगळ्या गावाला पुरेल. प्यायला नाही तर खायला होईल तिचं झाड."

तिचं झाड, असं मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. आंपारोने वर बघितलं.

६ जून, शनिवार

सकाळपासून फुलं सोलतोय, मी आणि आंपारो, समोरासमोर, मध्ये टोपल्या. बोटं पिवळी झालीत. घेवडा चुलीवर. आमच्याकडे म्हणतात, मनात राग ठेवून शिजवला तर घेवडा दगडासारखा राहतो. मी सारखी दाणा दाबून बघत होते. भीतीच वाटत होती.

दुपारी बियाणं मोजायला मडक्यात हात घातला आणि वही काढली. मागची पानं चाळली. पंधरा फेब्रुवारीच्या पानावर, माझ्या शेवटच्या ओळीखाली, निळ्या शाईत, नेटक्या अक्षरात लिहिलंय:

"मला तुमच्या एक दिवस आधीच दिसलं होतं. मला बघायचं होतं तुम्ही सांगता का. तुम्ही नाही सांगितलंत तर बाबा तुम्हाला परत पाठवतील असं वाटलं. मीही सिरियाकोआजोबांना बोलावलं नाही, म्हणून बाबांना खोटं सांगितलं. आईचं झाड आपण दोघींनी घालवलं. तुमच्या ओळी वर-खाली होतात, रेघेवर लिहा."

चुलीवरचं पाणी आटायला लागलं तेव्हा भान आलं.

बाहेर आले. ती फुलं सोलत होती, मान खाली. मी समोर बसले. म्हटलं, "मग आता? पाठवायचं आहे मला?"

"मे महिन्यापर्यंत वाटत होतं," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता फुलं सोला ना, डोन्या निका. अजून तीन टोपल्या आहेत."

"वही का वाचलीस?"

"मीच शिकवलं लिहायला. बघायचं नको, कसं जमतंय?" आणि हसली. चार वर्षांत पहिल्यांदा. मीही हसले, मग मला रडू आलं, मग तिला. तेक्ला कुंपणावरून डोकावली, "काय झालं गं?" दोघी एकदम म्हणालो, "कांदा."

घेवडा मऊ शिजलाय. दोन बोटांत चिरडला जातो.

७ जून, रविवार

पंधरावं झालं. आंपारोने निळा झगा घातला, देवळातून आल्यावर गावभर नाच. पुल्के परक्या गावाचं, आंबटसर. पण पातेलं! डॉन सिरियाकोने तीनदा घेतलं. पहिल्या घासाला डोळे मिटून म्हणाला, "देल्फिनाचा..." आणि थांबला, माझ्याकडे बघितलं, "आणि निकाचा."

एवढ्यानेही पोट भरलं नाही माझं, पहिलं नाव तिचंच. पण आज चालेल.

आंपारोने पंधरावी रेघ काढली, काट्यानेच, त्या आशीर्वादाच्या. पात सुकायला लागलीय, रेघ नीट उठली नाही. मग तिने काटा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जरा दाबून काढा, तुमचा हात जड आहे." मी काढली.

१४ जून, रविवार

फोर्तिनोला सांगितलं. सगळं, फोनवरच्या तीन खोट्यांसकट. तो तीन दिवस बोलला नाही. माझ्या वाट्याचं मी सांगितलं, पोरीच्या वाट्याचं नाही, तर तिने स्वतःच जाऊन सांगितलं. चौथ्या दिवशी जेवताना ताट पुढे करून म्हणाला, "घेवडा आहे अजून?" आहे म्हटलं. "वाढ." एवढंच. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप, हे मला आता कळायला लागलंय.

आज आंपारोने पहार घेतली आणि चौथ्याच्या बुडातलं एक पिल्लू उपटलं. आईच्या झाडाभोवती सात-आठ आहेत, हे सगळ्यात लहान. मुळं साफ केली आणि अंगणात उन्हात पालथं घातलं, महिनाभर सुकवून मग लावायचं असतं.

"हे घेवड्यात लावायचं," ती म्हणाली.

"माझ्या घेवड्यात? अगं, वाढलं की सगळी ओळ सावलीत जाईल."

"पंधरा वर्षांनी. तोवर मी तिशीची. कुठे नांदत असेन कोणास ठाऊक. गाभा बघायला इथे तुम्हीच असाल."

मी घेवड्याच्या ओळीकडे बघितलं.

"या वेळी सांगाल?"

"सांगेन."

"पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी. फोन करून. तेक्ला ऐकत असली तरी."

ती पहार भिंतीला लावून आत गेली. मी हिशेब केला, तेव्हा मी छप्पन्न वर्षांची असेन. डबे वाहवतील की नाही कोण जाणे.

संध्याकाळी चूल पेटवण्याआधी अंगणात जाऊन पिल्लू सरळ करून पाहिलं. गाभा अंगठ्याएवढा आहे. जाड आहे.